नऊ पूर्ण होण्याआधी

विल्टन, मिनेसोटा
६ नोव्हेंबर १९७८

प्रिय थोरा आत्या,

सोबतचं कात्रण आधी वाच, मग पत्र. फोटोतली एकशे बारा नंबरची पोरगी आपली मारित आहे. सव्वीस मैल, चार तास अकरा मिनिटं! त्या दिवशी तिला आठ पूर्ण व्हायला आठ दिवस बाकी होते. सहाशे जण पळत होते, त्यातले दोनशे बाप्ये तिच्या मागे राहिले. विसाव्या मैलावर एक जण गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. ही त्याच्या शेजारून गेली तर म्हणतो कसा, "ए पोरी, निदान दमल्यासारखं दाखव तरी!" हसून हसून माझीच चाल तुटली.

तुला वाटेल मी ढकललं. मुळीच नाही. मी पळायला लागलो तेव्हा ती सायकलवरून मागे यायची. एके दिवशी सायकलची साखळी तुटली. सायकल मक्याच्या शेतात टाकून बाईसाहेब उरलेले तीन मैल माझ्याबरोबर पळत आल्या. त्यानंतर तिने सायकल मागितलीच नाही. आता शाळेच्या आधी, आठवड्याला चाळीस मैल होतात.

मी का पळतो ते तुला माहीत आहे. बाबा एकोणपन्नासाव्या वर्षी बर्फाचं फावडं हातात घेऊन अंगणात पडले. मी सदतीसचा आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेत मी शिकवतो त्या सुतारकामाच्या वर्गाचा जिना चढलो तरी धाप लागायची. माझ्या मुलीला आपल्या घराण्याचं हृदय घेऊन जगायला लागू नये, एवढंच.

आता गंमत ऐक. राज्याचा धावणाऱ्यांचा संघ दर वयाची वेगळी यादी ठेवतो. सात वर्षांच्या मुलींची वेगळी, आठची वेगळी, नऊची वेगळी. सातच्या यादीत मारित तीन मिनिटांनी दुसरी आली. आठच्या यादीतली पहिली वेळ आहे तीन तास त्रेचाळीस, आणि तिच्यापाशी अख्खं वर्ष आहे. पुढल्या बावीस ऑक्टोबरला ती नऊची झाली की ते दार बंद. नऊच्या यादीत एक पोरगी आहे, तिला काही आपण गाठत नाही. मी तक्ता करून फ्रिजवर लावलाय.

नाताळला ये. बटाट्याची लेफ्से, ती आपली नॉर्वेची पातळ पोळी, तुझ्याच हातची हवी. आणि आत्या, आयुष्यात एकदा तरी "बरं केलंस" असं लिही. शाई संपणार नाही.

तुझा
लाइल


नॉर्बी, मिनेसोटा
१२ नोव्हेंबर १९७८

प्रिय लाइल,

कात्रण वाचलं. फोटो भिंग लावून पाहिला. सात वर्षांच्या मुलीचे डोळे असे खोल गेलेले मी याआधी पाहिले ते गोवराच्या साथीत.

एकतीस वर्षं मी या जिल्ह्यातल्या शाळांची नर्स होते. मुलं धावतात आणि धावलीच पाहिजेत. ती धावतात, थांबतात, बेडूक दिसला की बसतात, भांडतात, पुन्हा धावतात. थांबणं हा त्यांच्या धावण्याचाच भाग असतो. तू तिचं थांबणं काढून घेतलं आहेस. या वयात हाडांची टोकं मऊ असतात, वाढ तिथूनच होते. तिथे रोज त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, हजारो वेळा आदळत राहिलं तर काय होईल हे तुला लाकडावरून कळायला हवं होतं. ओलं लाकूड तू कातायला घेतोस का?

ढकललं नाही म्हणतोस. हाल्वोर्सनच्या तिन्ही मुलांना बापाने दुधाचे कॅन उचलायला कधी सांगितलं नाही. बाप बघतो म्हणून पोरं हौसेने उचलायची, सातव्या वर्षापासून. थोरला आज चाळिशीचा आहे. रस्त्यावर पाठमोरा दिसला तरी खांद्यावरून मी त्याला ओळखते. सायकल टाकून तुझ्यामागे धावलेल्या मुलीच्या गोष्टीत मला पाय दिसत नाहीत, बाप दिसतो. घरात तू तिच्याशी किती बोलतोस?

मला हे कळव: तिचं वजन किती आहे, ती किती तास झोपते आणि शनिवारी तिच्याशी खेळायला कोण येतं.

आर्ने माझा धाकटा भाऊ होता. तो पडला तेव्हा त्याच्या खिशात सिगारेटची दोन पाकिटं होती. त्याच्या मरणाची तुला भीती वाटत असेल तर तू पळ. ती भीती पोरीच्या पायांवर लादू नकोस. चाळीस मैल बंद कर आणि तिला अंगणात दोरीच्या उड्या मारू दे.

शाई भरपूर आहे. "बरं केलंस" असं मला लिहिता येत नाही.

थोरा आत्या


विल्टन
२० नोव्हेंबर १९७८

आत्या,

पत्र पोचलं. डोरीनने वाचून टेबलावर ठेवलं, तिथून मारितने वाचलं. "डोळे खोल गेलेले" वाचल्यावर ती उठली आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली. शाबास तुझी.

तुला पोरं नाहीत. लोकांची पोरं दहा-दहा मिनिटं तपासायची आणि रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता त्यांच्या आईबापांना नावं ठेवायची, एवढंच तू केलंस. यंदा नाताळला आम्ही डोरीनच्या माहेरी जातोय. तू इतक्या लांब येण्याचा त्रास घेऊ नकोस.

लाइल


विल्टन
३ जानेवारी १९७९

प्रिय आत्याआजी,

हातमोजे मिळाले. आभारी आहे. आई म्हणाली आभाराचं पत्र लिही, मी म्हटलं मी लिहिणारच होते. ते लाल आहेत हे बरं झालं, बर्फात पडले तरी सापडतात. आम्ही उणे पंधरा असलं तरी पळतो, फक्त नाकावर मफलर बांधायचा. माझ्या पापण्या गोठतात आणि एकमेकींना चिकटतात. बाबा म्हणतात, "रडू नकोस, आणखी चिकटतील." मी रडत नव्हते.

बाबा घरी गप्प असतात पण पळताना बोलतात. चौथ्या मैलापासून सुरू करतात. म्हणून मी चौथ्या मैलाची वाट बघते. त्यांनी सांगितलं की आर्ने आजोबा एकदा गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेले आणि माशाने गळ काठीसकट ओढून नेला आणि आजोबा तळ्याला शिव्या देत बसले. खरं का? तू तिथे होतीस?

पेग माझी मैत्रीण होती पण मी शनिवारी कधीच नसते म्हणून आता ती लोरीची मैत्रीण आहे. चालेल.

माझे डोळे ठीक आहेत, मी पाहिले.

तू नाताळला एकटीने काय केलंस?

मारित


नॉर्बी
१६ एप्रिल १९७९

प्रिय लाइल,

नाताळनंतरचं हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही. मारितला मी वेगळं लिहिलं होतं, ते तिला मिळालं असेल असं धरते.

काल ईस्टरच्या जेवणात शेजारच्या गुड्रनने विचारलं, "थोरा, भाचा फिरकत नाही गं हल्ली?"

"कामात असतो," मी म्हटलं.

"हो बाई, सगळ्यांचेच असतात," असं म्हणून तिने माझ्या ताटलीत न विचारता केकचा दुसरा तुकडा ठेवला. तिला तीन मुलगे आहेत, तिन्ही गावातच.

नोव्हेंबरात मी जे लिहिलं ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. शब्द कडक होते. एवढ्याने भागत असेल तर एक ओळ टाक.

थोरा आत्या


विल्टन
१९ सप्टेंबर १९७९

प्रिय आत्या,

उशीर झाला, खूप झाला. मला भांडण धरून ठेवता येतं हे तुला माहीतच आहे, तुझ्याचकडून आलंय. पुरे आता. थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे ये. मी बस थांब्यावर घ्यायला येईन. तुझी खोली डोरीनने रंगवून घेतली आहे, आणि मारित विचारत असते आत्याआजी कधी येणार.

एक काम आहे. १४ ऑक्टोबरला शर्यत आहे. तिच्या वाढदिवसाआधीची शेवटची. उन्हाळ्यात ती सरावात जो वेग धरत होती त्याने आठच्या यादीतली पहिली वेळ आरामात मोडते. पण हल्ली गुडघा दुखतो म्हणते. उजवा. सूज नाही, ताप नाही, लाल नाही, मी रोज बघतो. पळून झाल्यावर दुखतो, सकाळी बरा असतो. डोरीनने धोशा लावलाय, डॉक्टरकडे चला, डॉक्टरकडे चला. डॉक्टर काय म्हणणार? सहा आठवडे थांबा. ते सगळ्यांनाच सहा आठवडे थांबा म्हणतात. आणि सहा आठवड्यांनी ती नऊची झालेली असेल.

काल जेवताना मी डोरीनला म्हटलं, "थोरा आत्याने शंभर डॉक्टरांपेक्षा जास्त पोरांचे गुडघे बघितलेत. ती काय म्हणेल ते ऐकशील?" ती म्हणाली, "ऐकेन. थोरा आत्या तुझं मन राखायला म्हणून काही बोलायची नाही." तर तू लिही. या वयात दुखतात ना गुडघे?

तुझा
लाइल

(पाकिटाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने:) आत्याआजी, तू मला फोन करशील का? मंगळवारी बाबा शाळेतून उशिरा येतात. एक विचारायचंय, पत्रात नको. मा.


नॉर्बी
२२ सप्टेंबर १९७९

प्रिय लाइल,

तुझं पत्र मी पेटीतून काढून तिथेच रस्त्यावर उभ्याने वाचलं. थँक्सगिव्हिंगला येते. बुधवारच्या बसने येईन आणि शनिवारपर्यंत राहीन, चालणार असेल तर. लेफ्से करून आणीन. डोरीनला म्हणावं पीठ मळून ठेवू नकोस, तिचं सैल होतं.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांचे गुडघे दुखतातच. मी असे शेकड्यांनी पाहिले. हाडं भराभर वाढतात, स्नायू मागे राहतात, संध्याकाळी ठणका लागतो आणि सकाळी मूल ताजंतवानं उठतं. सूज नाही, ताप नाही, तेव्हा काळजीचं कारण दिसत नाही. निजताना गरम पाण्यात पिळलेला टॉवेल ठेवावा, फार दुखलं तर अर्धी ॲस्पिरिन द्यावी, दोन दिवस विश्रांती. वाढतंय म्हणून दुखतंय, असं तिला सांग. कारण कळलं की मुलं घाबरत नाहीत.

शर्यतीबद्दलचं माझं मत तुला ठाऊक आहे. ते पुन्हा लिहीत नाही. ही एवढी झाली की हिवाळाभर तिला थांबव.

मारितला सांग, तिचा मजकूर मिळाला. मला फोनवर नीट ऐकू येत नाही. थँक्सगिव्हिंगला दोघी बसून बोलू.

तुझी
थोरा आत्या


विल्टन
१५ ऑक्टोबर १९७९

प्रिय आत्या,

तीन तास एकेचाळीस मिनिटं वीस सेकंद! यादीत पहिली!

शेवटचे सहा मैल मी तिच्या बाजूने पळलो. ती एका अंगावर झुकली होती आणि ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, "मारित, थांबायचंय का?" देवाशपथ, मी विचारलं. ती म्हणाली, "गुडघा." मी म्हटलं, "आत्याआजी काय म्हणाली?" तर दातांतून म्हणते, "वाढतंय म्हणून दुखतंय." मग दर मैलाच्या पाटीला तेच. पाटी आली की "वाढतंय म्हणून दुखतंय." रस्त्याकडेच्या लोकांना वाटलं, पोरगी गाणं म्हणतेय. टाळ्या वाजवायला लागले.

शेवटच्या रेषेनंतर दोन बायकांनी तिला उचलून खुर्चीवर बसवलं. घरी आल्यापासून झोपली आहे. डोरीन माझ्याशी बोलत नाही, पण बोलेल. तुझं पत्र मी तक्त्याशेजारी फ्रिजवर लावलंय. तुझ्याशिवाय हे झालं नसतं, आत्या.

आता तरी लिही.

तुझा
लाइल


विल्टन
२५ ऑक्टोबर १९७९

थोरा आत्या,

लाइल लिहीत नाही म्हणून मी लिहिते.

शर्यतीनंतर आठ दिवस मारित भिंत धरून चालत होती. सोमवारी तिचा वाढदिवस. केक कापायला खुर्चीवरून उठली आणि खाली बसली. ओरडली नाही. मी म्हटलं, "काय गं, काय झालं?" तर म्हणाली, "आई, पाय माझा राहिला नाही."

खुबा मोडलाय. मांडीचं हाड वर जिथे खुब्यात बसतं त्याच्या मानेला आधीपासून चीर होती, ती त्या दिवशी सुटून सरकली. मंगळवारी ऑपरेशन झालं. तीन स्क्रू घातलेत. डॉक्टर म्हणाले, चीर निदान सहा आठवड्यांची आहे. सप्टेंबरात कुबड्या दिल्या असत्या तर नाताळपर्यंत आपोआप भरून आली असती.

त्यांनी विचारलं, "सहा आठवडे मूल दुखतंय म्हणतंय आणि कुणी पाहिलं नाही?" लाइलने फ्रिजवरून काढून आणलेलं तुमचं पत्र खिशातून दिलं. डॉक्टरांनी ते उभ्याने वाचलं, पुन्हा घडी घातली आणि त्याच्या हातात परत दिलं.

मी तुम्हाला दोष देत नाही. मला फक्त एवढं कळायला हवंय की तुम्ही एक ओळ का नाही लिहिलीत, "डोरीन, डॉक्टरकडे ने." मी नेलं असतं. मी तुमच्या त्या ओळीचीच वाट बघत होते.

डोरीन


नॉर्बी
२९ ऑक्टोबर १९७९

प्रिय लाइल,

हे पत्र डोरीनलाही वाचायला दे. तिने विचारलं आहे, तिला उत्तर मिळालं पाहिजे.

मूल गुडघा म्हणालं तर खुबा तपासायचा, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. खुब्याचं दुखणं मुलांना गुडघ्यात जाणवतं. मुलाला पलंगावर झोपवायचं, पाय वाकवून मांडी हळूच आत वळवायची आणि बघायचं ते पायाकडे नाही, चेहऱ्याकडे. एकतीस वर्षांत मी हे एकदाही विसरले नाही. आणि त्याहून आधी विचारायचा प्रश्न एकच: मूल लंगडतं का?

तुझं पत्र वाचताना हा प्रश्न माझ्या मनात आला होता. पेन हातात होतं. मी तो लिहिला नाही. उत्तर "हो" आलं असतं तर मला शर्यत थांबवा असं लिहावं लागलं असतं, आणि मग थँक्सगिव्हिंगला तुमच्या टेबलाशी मला जागा उरली नसती. मागच्या नाताळला मी डबाबंद सूप गरम करून सहा वाजता झोपले होते. यंदा तसं नको होतं. दुसरं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पोरीने फोन कर म्हणून लिहिलं होतं. माझे कान उत्तम आहेत. तिने काही विचारलं तर मला खरं बोलावं लागेल, म्हणून मी फोन केला नाही.

डोरीन, तुझा माझ्यावर विश्वास होता तो मी कडक आहे म्हणून. नेमक्या त्याच पत्रात मी तशी नव्हते.

लाइल, तेव्हा विचारलं नाही ते आता विचारते. ती लंगडत होती का?

थोरा


विल्टन
१२ नोव्हेंबर १९७९

आत्या,

हो.

ऑगस्टच्या शेवटापासून. शाळेच्या वाटेवर, मी मागून बघत असायचो. पळताना लपवायची, चालताना विसरायची. सप्टेंबरात पत्र लिहायला बसलो तेव्हा आधी ते लिहिलं होतं. मग तो कागद फाडून दुसरा घेतला. लंगडते म्हटल्यावर तू काय म्हणशील हे मला माहीत होतं. मला तुझं मत नको होतं, तुझी सही हवी होती.

परवा पुन्हा हाडाचे फोटो काढले. खुब्यात बसणाऱ्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचत नाहीये. डॉक्टर म्हणतात, तो मरेल आणि चपटा होईल. पाय आखूड राहणार. किती ते आताच सांगता येत नाही.

संघाचं पत्र आलंय, वेळ मान्य झाली. सोबत दोन अनोळखी बापांची पत्रं आहेत, आमच्या सरावाचा तक्ता मागतात. एकाचा मुलगा सहा वर्षांचा आहे, "जन्मजात धावणारा" म्हणे. मी उत्तर दिलेलं नाही. तक्ता अजून फ्रिजवरच आहे. डोरीन म्हणते, "तू लावलास, तू काढ."

मी रोज पळतो. मारित खिडकीशी झोपलेली असते, तिच्यासमोरून जावं लागतं. तरी जातो. घरात थांबवत नाही.

थँक्सगिव्हिंगचं राहू दे. कुणाला टेबलाशी बसवेलसं वाटत नाही.

लाइल


विल्टन
१७ फेब्रुवारी १९८०

प्रिय आत्याआजी,

मी आता शाळेत जाते, कुबड्या घेऊन. पेग परत माझी मैत्रीण झाली कारण तिला कुबड्या आवडतात. ती मधल्या सुट्टीत त्यांच्यावर झोके घेते आणि मी बाकावर बसून मोजते. लोरी म्हणाली, "आता तू हळू आहेस," तर पेग म्हणाली, "तिने पेपरात नाव छापून आणलंय, तू काय छापून आणलंस?"

डॉक्टरांनी माझ्या पायाखाली लाकडाच्या पट्ट्या ठेवून मोजलं. सव्वा इंच आखूड. माझ्या उजव्या बुटाला जाड तळवा लावलाय. तो बाबांनी स्वतः त्यांच्या वर्गात कापला, पण घालून बघताना ते खोलीत नव्हते.

तू आईबाबांना लिहिलं ते पत्र मी वाचलं. आईने वाचू दिलं. तुला वाटतं तुझी चूक आहे. पण मला एक सांगायचंय. दुखायचं ते गुडघ्यात नव्हतंच. ते वर होतं, मांडीच्या आत, चड्डीची शिवण असते तिथे. तिथलं बाबांना कसं सांगायचं? ते रोज हात लावून बघायचे ना, म्हणून मी गुडघा म्हणाले. आईला सांगितलं असतं तर तिने बाबांना सांगितलं असतं. तू नर्स आहेस म्हणून तुला फोनवर विचारणार होते की तिथे दुखलं तर काय म्हणायचं. आता मी हे आईला सांगितलंय. ती न्हाणीघरात गेली आणि खूप वेळ नळ सोडून ठेवला. म्हणजे माझीच चूक आहे का?

बाबा आता एकटेच पळतात. जाताना माझ्याकडे बघत नाहीत. आल्यावर अंघोळ करतात आणि जेवताना गप्प असतात. आता चौथा मैल येतच नाही.

तू खरं सांगतेस म्हणून विचारते. मी बरी झाले की बाबांबरोबर पळता येईल ना? आई म्हणते बघू. बाबा म्हणतात हो, नक्की. डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत, माझ्या डोक्यावरून आईशी बोलतात.

मारित


नॉर्बी
२१ फेब्रुवारी १९८०

प्रिय मारित,

तू दोन प्रश्न विचारलेस. दोन्हींची उत्तरं देते.

तुझी चूक नाही. आठ वर्षांच्या मुलीने आपलं दुखणं कुठल्या शब्दात सांगायचं हे मोठ्यांनी शोधून काढायचं असतं. ते माझं कामच होतं. शाळेत मुली पोट म्हणायच्या, गुडघा म्हणायच्या, एक तर कान म्हणाली होती. मी दार लावायची, त्यांच्याजवळ बसायची आणि म्हणायची, बोट ठेव. त्या बोट ठेवायच्या. तू मला बोलावलंस आणि मी आले नाही. तिथे दुखलं तर "जांघेत दुखतं" म्हणायचं. तो साधा शब्द आहे, हात किंवा नाक असतं तसा. कुणासमोरही म्हणावा.

दुसरं उत्तर: नाही. तुला बाबांबरोबर पळता येणार नाही. बरी झालीस तरीही नाही आणि मोठी झालीस तरीही नाही. खुब्यातलं ते हाड मेलं आहे, ते परत तसं होत नाही. तुला चालता येईल. थोडं लंगडत चालशील. पोहता येईल आणि सायकल चालवता येईल. थंडीत दुखेल. तू चाळिशीची होशील तेव्हा आणखी दुखेल आणि कदाचित पुन्हा ऑपरेशन लागेल. हे तुझ्या आईला माहीत आहे, तिच्या तोंडून निघत नाही. तुझ्या बाबांनाही माहीत आहे. "हो, नक्की" हे ते तुला सांगत नाहीत, स्वतःला सांगतात.

हे वाचून रडू आलं तर रड. आपल्या घरात कुणी रडत नाही, कण्हत नाही, आणि त्याचं आपण कौतुक करत आलो. त्यातूनच हे झालं.

आर्ने आजोबांच्या काठीची गोष्ट खरी आहे. मी तिथे होते. शिव्या त्यांनी दिल्या, पण काठी माझी होती. बाकीची गोष्ट बाबांना विचार. ते टाळतील. तरी विचार.

तुझी
आत्याआजी


नॉर्बी
२१ फेब्रुवारी १९८०

लाइल,

मारितला मी खरं सांगितलं आहे. तिच्या नावाचं पत्र तुझ्या पत्राच्या पाकिटातच घातलंय. तू ते तिला स्वतःच्या हाताने दे आणि ती वाचेपर्यंत जवळ बस. वाचून झाल्यावर ती मान वर करून तुला विचारेल.

तेव्हा "नाही" म्हण. आणि म्हणून झाल्यावर पळायला जाऊ नकोस.

थोरा